समजल्याचा दाखला

तृप्ती शेटे दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा शेजारच्याच खुर्चीत तिचा थोरला भाऊ अभिजित पहिल्या झटक्यात पास झाला. तोही एक ओळ न वाचता.

"तृप्ते, अगं सोपं होतं की!" डोक्यावरची टोपी काढून केस सारखे करत दादा म्हणाला. "ती यंत्रातली बाई बोलते, आपण ऐकायचं. एवढंच."

तृप्तीने आपली टोपी काढून ठेवली. तिने तीन आठवडे अभ्यास केला होता. बदलता व्याजदर, चटईक्षेत्र, ताबापत्र, सामाईक भिंत, सगळं दोनशे पानी वहीत लिहून काढलं होतं. दादा नुसता तिच्या कर्जाला जामीनदार म्हणून आला होता. येताना गाडीवर त्याने विचारलं होतं, "चटईक्षेत्र म्हणजे पाहुण्यांना झोपायची जागा का गं?" आणि आता त्याच्या नावापुढे पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं होतं, 'आकलन उत्तम'. तिच्या नावापुढे तांबडं, 'आकलन अपुरे. एक संधी शिल्लक.'

उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, हयातीचा दाखला असे सगळे दाखले देऊन झाल्यावर सरकारने हा नवा दाखला काढला होता. समजल्याचा दाखला. त्याचं कारण मात्र खरं होतं. वर्षानुवर्षं लोक ऐंशी पानी करारावर, जिथे पेन्सिलीची फुली असेल तिथे सही करत आले होते. सही करून झाल्यावर पेढे वाटायचे आणि पुढची दहा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे. म्हणून 'पहिलं छप्पर' योजना आली. आयुष्यातलं पहिलं घर घेणाऱ्यासाठी घराच्या किमतीचा चौथा हिस्सा सरकार भरणार. अट अशी, की त्याने घरशाळेत जाऊन सगळं शिकायचं आणि समजलं आहे हे सिद्ध करायचं. पुढे हा नियम घराच्या प्रत्येक दस्ताला लागू झाला. ज्याला समजलं नाही, त्याची सही धरायची नाही.

समजलं की नाही, हे ठरवायला ही टोपी होती.

"सर, तुमची टोपी बिघडलीय," तृप्ती घरशाळेच्या तांबोळी सरांना म्हणाली. नजीर तांबोळी हायस्कुलातून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. सांगलीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी अपूर्णांक शिकवले होते, आणि 'सर, येत नाही' या वाक्याचा त्यांना चाळीस वर्षांत कधी कंटाळा आला नव्हता.

"बसा. पहिल्यापासून बघू," ते म्हणाले. "टोपी काय करते, सांगा बरं."

"मेंदूतली लाट मोजते."

"कसली लाट?"

"तुम्हीच सांगितलं होतंत."

"मी सांगितलेलं मला नको. असं बघा. कोणी बोलायला लागलं, की आपला मेंदू त्याच्या एक पाऊल पुढे पळतो. मी म्हटलं, 'चहात मी दोन चमचे', की माझ्याआधी तुमचा मेंदू 'साखर' म्हणून मोकळा होतो. आणि मी म्हटलं 'वाळू', तर?"

"दचकतो."

"बरोबर. शब्द कानावर पडल्यापासून सेकंदाच्या चार दशांश भागात एक बारीक विजेची लाट उठते. माणसाला ठरवून ती उठवता येत नाही आणि दाबताही येत नाही, कारण 'मी दचकलो' हे आपल्याला कळायच्या आधीच ती येऊन गेलेली असते. शास्त्रज्ञांना ही लाट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण तेव्हा शेकडो वाक्यं ऐकवून सरासरी काढावी लागायची. आता या टोपीतले तंतू इतके नाजूक झालेत, की एका वाक्यात काम होतं. म्हणून बाई खरी वाक्यं सांगता सांगता मधेच एक खोटं सांगते. ज्याला विषय समजलाय तो दचकतो. ज्याने नुसतं पाठ केलंय तो गप्प बसतो."

"मला समजलंय, सर!"

"मग सांगा. बिल्डरने पैसे घेतले आणि पावती दिली नाही. बरोबर?"

"चूक. पावती द्यायलाच हवी. कलमासकट सांगू?"

"नको." सरांनी चष्मा वर सरकवला. तिच्या चाचणीचा आलेख पडद्यावर आणला. 'ताबा दोन वर्षं लांबला तरी भरपाई मिळत नाही' या वाक्यावर रेष सपाट होती, 'करारात नसलेले पैसे ऐनवेळी मागता येतात' यावरही सपाटच. दादाच्या आलेखात मात्र डोंगरच डोंगर होते.

"नियम तोंडपाठ आहेत, समजलेही आहेत. मग धक्का का बसत नाही?" सर स्वतःशीच म्हणाले.

तेव्हा तृप्तीचा पारा चढला. "कशाचा बसायचा धक्का? सर, मी पाळणाघर चालवते. नऊ मुलं आहेत माझ्याकडे. घटस्फोटानंतर दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरार, असं करत अकरा घरं बदलली. एकाही मालकाने डिपॉझिट पूर्ण परत दिलेलं नाही. कोणी रंगाचे कापले, कोणी नळाचे. एकाने मुलांच्या आवाजाचे कापले! मला धक्का कधी बसेल सांगू? कोणी दिलं तर!"

सरांनी टोपी उचलून पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवली आणि यंत्रातल्या बाईला गप्प करून स्वतःच बोलले, "मालकाने डिपॉझिट पूर्ण परत दिलं आणि वर चहा पाजला."

रेष उसळून पडद्याच्या टोकाला गेली. दाराशी उभा राहून कंटाळलेला दादासुद्धा हसला.

"टोपी बिघडलेली नाही," सर म्हणाले. "पण टोपी बनवणाऱ्यांची एक चूक झालीय. त्यांना वाटलं, आपण माणसाचं ज्ञान मोजतोय. ती मोजते अपेक्षा. तुमच्या दादांना काही येत नाही, पण आपल्याला सगळं नीट मिळणार ही त्यांची खात्री आहे. तुम्हाला सगळं येतं, आणि काहीच मिळणार नाही ही तुमची खात्री आहे."

"मग हे वर कळवा की."

"कळवतो. उत्तर यायला दोन वर्षं लागतील. तुमची शेवटची चाचणी तीन आठवड्यांवर आहे."

तृप्तीने हात जोडले, पण ते नमस्कारासाठी नव्हते. मिरज रस्त्यावरच्या नव्या इमारतीत तळमजल्याच्या दोन खोल्या आणि पुढे फरशीचं अंगण तिने नक्की करून ठेवलं होतं. अंगणात मुलं खेळतील, आवाज झाला म्हणून घरमालक वरून काठी आपटणार नाही. हे घर गेलं, तर बारावं भाड्याचं घर शोधायचं.

"करू काय मी?"

"गृहपाठ देतो. रोज जे आपल्या हक्काचं आहे ते एकदा तोंडाने मागायचं. मिळेल की नाही, तिकडे बघायचं नाही. फक्त मागायचं. पाढे रोज म्हटले की जिभेला वळण लागतं, तसंच हे."

*

हा गृहपाठ तृप्तीला अपूर्णांकांपेक्षा अवघड गेला.

पहिल्या दिवशी तिने गॅसच्या माणसाकडे सुटे पैसे परत मागितले. तो तिच्याकडे असा बघत राहिला, जणू तिने त्याची गाडीच मागितली. दुसऱ्या दिवशी पाळणाघरातल्या शाल्मलीची आई नेहमीसारखी सव्वा तास उशिरा आली, तेव्हा तृप्ती म्हणाली, "उशिराचे वेगळे लागतील, ताई." शाल्मलीच्या आईने दार लावताना आवाज केला. घरमालक मगदूम काका वरच राहत. त्यांच्याकडे ती भाड्याची पावती मागायला गेली.

"पावती?" काका म्हणाले. "अगं, मी काय परका आहे का?"

"नाही काका. पण पावती द्या."

"नऊ महिने झाले, कधी बोलली नाहीस!"

"तेव्हाच्याही नऊ द्या."

काकांनी पावत्या दिल्या. त्यासोबत, दोन महिन्यांनी करार संपला की तीस तारखेला खोल्या रिकाम्या करायच्या, हेही सांगून टाकलं.

"सर, तुमच्या गृहपाठापायी राहतं घर गेलं!" तिने फोनवर त्यांना फैलावर घेतलं.

"पावत्या मिळाल्या?"

"मिळाल्या."

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ! पण त्याचं काय घेऊन बसलात?"

"काही नाही. चालू ठेवा," सर म्हणाले.

सगळ्यांत वाईट म्हणजे आता तिला सगळंच टोचायला लागलं. आधी भाजीवाला दोन कांदे कमी टाकायचा, रांगेत कोणी पुढे घुसायचं, तिला पत्ताही नसे. उन्हाळा असतो तसं तेही असतं, एवढंच. आता पदोपदी डोक्यात ठिणगी पडे. बाजारातून घरी येईपर्यंत तिचा जीव उबगून जाई. दादासारखी माणसं दिवसभर असंच जगतात की काय, आणि थकत कशी नाहीत, याचं तिला नवल वाटलं.

तिसऱ्या चाचणीत यंत्रातली बाई नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "ताबा दोन वर्षं लांबला तरी भरपाई मिळत नाही."

"का मिळत नाही?" तृप्ती मोठ्याने म्हणाली.

"बोलू नका," सर म्हणाले. पण रेष केव्हाच वर गेली होती.

समजल्याचा दाखला हातात पडला. आणि दुसऱ्याच दिवशी अर्ज अडकला. ती तणतणत घरशाळेत आली.

"सर, आता ही कसली चूक? म्हणे अर्जदाराच्या नावावर आधीच मिळकत आहे! माझ्या नावावर घर असतं तर मी इथे डोक्यात टोपी घालून बसले असते का?"

सरांनी नोंद उघडली. "शिक्षक वसाहत, प्लॉट चौदा. हे कोणाचं?"

"ते होय! ते आमच्या बाबांचं. म्हणजे दादाचं."

"बाबा गेल्या वर्षी गेले ना? आता मृत्यूची नोंद झाली, की वारसांची नावं आपोआप लागतात. तुमची आई त्याआधीच गेलेली, म्हणून दोनच वारस. अभिजित आणि तृप्ती. निम्मं निम्मं."

"पण ते दादाचं घर आहे, सर," तृप्ती समजावणीच्या सुरात म्हणाली.

सरांनी पडदा तिच्याकडे वळवला आणि ते थांबले. वर्गात एखादं पोर चुकीच्या उत्तरावर बोट ठेवून बसलं, की ते असेच थांबत.

"मी काय करू, ते तरी सांगा."

"मी गणिताचा मास्तर. रीत दाखवतो, उत्तर काढून देत नाही."

उत्तर दादाकडे तयार होतं. "हात्तिच्या, एवढंच ना? हक्कसोडपत्र करून टाकू. तुझा हिस्सा माझ्या नावावर सोडलास, की तुझ्या नावावर काही उरत नाही. तुझा अर्ज मोकळा, माझंही काम झालं. मी बोलणारच होतो तुझ्याशी. सगळ्या बहिणी करतात गं. आईने नव्हतं का मामासाठी केलं?"

तृप्ती 'हो' म्हणाली. ते तिच्या तोंडून नेहमीसारखं आपोआप निघालं.

*

नोंदणी कचेरीत वहिनी आधीच येऊन बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत मोरपंखी रंगाची साडी. हक्क सोडणाऱ्या बहिणीला साडी द्यायची, म्हणजे माहेर तुटत नाही, अशी रीत होती.

"शुद्ध रेशीम आहे हो," वहिनी म्हणाली. "मी निवडलीय. यांना काय कळतंय."

दस्त घराचा, म्हणून इथेही टोपी आलीच. काउंटरवरच्या तरुण मॅडमनी ती तृप्तीच्या डोक्यावर बसवली आणि दस्तातली वाक्यं एकेक करून वाचायला सुरुवात केली. इथे खोटं वाक्य एकही नसे, म्हणून ज्याला दस्त समजलाय त्याने दचकायचं नाही.

"या घरात तुमचा निम्मा हिस्सा आहे."

रेष वर उडाली.

मॅडम थबकल्या. "तो हिस्सा तुम्ही कोणताही मोबदला न घेता भावाला देत आहात."

रेष आणखी वर.

"यापुढे या घरावर तुमचा कसलाही हक्क राहणार नाही."

यंत्राने बारीक शिट्टी दिली. मॅडमनी पडदा तिघांकडे वळवला. 'लिहून देणाऱ्यास दस्त समजलेला नाही.'

"समजलाय हो तिला!" दादा काउंटरवर हात आपटून म्हणाला. "गणितात माझ्यापेक्षा पुढे होती ती!"

"साहेब, मला ओरडून उपयोग नाही. दहा मिनिटं बाहेर बसवा, पाणी द्या. आज आणखी एकदा घेता येईल."

बाहेरच्या बाकावर दादा तिच्याजवळ बसला. तो खरंच घाबरला होता. आवाज खाली आणून, ती लहान असताना तिला ताप आला की बोलायचा तसं तो बोलू लागला.

"हे बघ, तृप्ते. तुझं घर जाईल. तीस तारखेला तुला खोल्या सोडायच्यात. डोकं शांत ठेव. मनात काही आणू नकोस. तू आधी कशी होतीस, तशी बस ना पाच मिनिटं."

आधी कशी होतीस.

तृप्तीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. ती आधी कशी होती, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? भिंतीच्या कोपऱ्याकडे बघायचं. मन ओल्या फडक्यासारखं दोरीवर टाकायचं. माणसं बोलतात ते अंगावरून जाऊ द्यायचं. वीस वर्षांची सवय होती. पाच मिनिटं तशी बसली असती, तर मिरज रस्त्यावरचं अंगण तिचं होतं. दादाही राजी, वहिनीही राजी, वर रेशमाची साडी.

"बसते," ती म्हणाली.

टोपी पुन्हा डोक्यावर आली.

"या घरात तुमचा निम्मा हिस्सा आहे," मॅडमनी वाचलं.

रेष सपाट राहिली. दादाने सुस्कारा सोडला. "हां, आता कसं!" तो म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "छान. आता शांत आहात."

पण तृप्ती अजून भिंतीकडे वळलीही नव्हती. मन दोरीवर टाकायलाही तिने सुरुवात केली नव्हती. तिने ते वाक्य नीट, पूर्ण ऐकलं होतं. ते चहात साखर घातल्याइतकं सरळ वाटलं होतं, म्हणून लाट उठली नव्हती. तिला खुर्चीत बसल्या बसल्या हे उमगलं आणि ती ताठ झाली.

"तो हिस्सा तुम्ही कोणताही मोबदला न घेता भावाला—"

या वेळी रेष पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली. यंत्राने शिट्टी द्यायच्या आतच तृप्तीने टोपी काढून काउंटरवर ठेवली.

"मॅडम, राहू दे. यंत्र बरोबर आहे तुमचं."

"मुद्दाम केलंस!" दादा म्हणाला.

"ती मुद्दाम येत नाही, दादा. आपल्याला कळायच्या आत येते. तूच पास झालायस की त्यात."

"अगं, अर्ज रद्द होईल तुझा! छप्पर गेलं!"

"होईल रद्द."

"मग राहणार कुठे तू? नऊ पोरं घेऊन?"

तृप्तीने काउंटरवरचा दस्त त्याच्याकडे सरकवला. आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यातल्या पहिल्याच वाक्यात आहे, हे लक्षात यायला दादाला थोडा वेळ लागला.

वहिनीच्या लक्षात आधी आलं. तिने पिशवी छातीशी धरली. "मग या साडीचं काय करायचं?"

"तुम्ही नेसा, वहिनी. रंग तुम्हाला खुलेल," तृप्ती म्हणाली.

*

त्या रविवारी ती मोजपट्टी घेऊन शिक्षक वसाहतीत गेली. बाबांनी नोकरीत असताना बांधलेलं बैठं घर, चार खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे नारळ. दादाने दार उघडलं पण 'ये' म्हणाला नाही. पायरीवर जाऊन, रस्त्याकडे तोंड करून बसला.

पुढच्या दोन खोल्या तिने मागितल्या होत्या. मागच्या दोन आणि स्वयंपाकघर त्यांचं. पुढच्या खोलीत एक मोरी होतीच, तिथे छोटा ओटा होईल. तिने हे फोनवर सांगितलं होतं, आणि सांगताना तिचा आवाज दोनदा कापला होता. पण वाक्य तिने पूर्ण केलं होतं.

आता मोजपट्टीचं एक टोक धरायला कोणी नव्हतं. तिने ते खुर्चीच्या पायाखाली दाबलं आणि भिंतीपर्यंत गेली. नऊ गाद्या दाटीवाटीने बसत होत्या.

"आणि आमचा सोफा?" वहिनी दारातून म्हणाली. "तो मागच्या खोलीत मावत नाही. दुपारभर पोरं रडणार, ते वेगळंच. भाऊबीजेला कोणत्या तोंडाने ओवाळणार आहात?"

"याच," तृप्ती म्हणाली. "इथून आत यायला पाच पावलं लागतील."

"घरातल्या घरात निम्मं निम्मं! लोक काय म्हणतील?"

तृप्तीने मोजपट्टी गुंडाळली. लोक काय म्हणतील, हे तिला पाठ होतं. पुढचे कित्येक महिने या दारातून आत शिरताना काय काय ऐकावं लागेल, कोणकोणत्या जेवणाला आपल्याला बोलावलं जाणार नाही, याचाही तिला अंदाज होता. मिरज रस्त्यावर यातलं काहीच नसतं. तिथे नुसतं अंगण होतं.

"तृप्ते," पायरीवरून दादा मागे न बघता म्हणाला, "तू अशी नव्हतीस."

"नव्हते," ती म्हणाली. खिडकीशी जाऊन तिने गज हाताने हलवून पाहिले. खालचे दोन सैल होते. "दादा, इथे जाळी बसवावी लागेल. मुलं चढतात. निम्मा खर्च तुझा."

दादा ताडकन वळला. त्याचे डोळे विस्फारले होते, तोंड उघडं राहिलं होतं. टोपी नसतानाही त्याच्या डोक्यातली लाट तिला स्पष्ट दिसली.